एक ते पाच

पिंपरी-चिंचवडात माझ्या साडूंनी ‘मरणाची भीती वाटते का?’ असं ज्याला विचारलेलं नाही, असा माणूस एक तर अजून जन्माला यायचाय किंवा आधीच गेलाय. गेलेल्यांचीही मी खात्री देत नाही. सोय असती तर साडूंनी त्यांनाही सोडलं नसतं. साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, चिंचवडच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात. माणसाला मरणाची भीती किती वाटते आणि ती कशाने कमी-जास्त होते, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. चारचौघं भेटल्यावर ‘काय म्हणताय?’ विचारतात, साडू विचारतात, ‘एक ते पाच?’ एक म्हणजे मुळीच भीती नाही, पाच म्हणजे भयंकर. हे त्यांनी मंगल कार्यालयात जिलबी वाढली जात असताना विचारलंय. सोसायटीची लिफ्ट मध्येच अडकली असताना विचारलंय. तेव्हा सगळ्यांनी एका सुरात पाच सांगितलं आणि लिफ्ट सुटल्यावर साडूंशी बोलणं सोडलं. एका बारशाला पाळण्यापाशी बसलेल्या पणजीला विचारलं, तर म्हातारी म्हणाली, “मला न्हाई बा भ्या वाटत. त्या यमालाच इचार, माझ्या दारातनं इतक्यांदा मागं का फिरला.” साडूंनी गंभीर चेहऱ्याने टिपून घेतलं : वय वाढलं, भीती उतरली.

एकदा ते कुरुळीच्या एका प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या कारखान्यात गेले. शिफ्ट सुरू होण्याआधी कामगारांना उभं करून त्यांनी विचारलं, “स्वतःच्या मृत्यूचा विचार मनात येतो का?” लातूरकडचा एक जण म्हणाला, “कधी येणार सर? टार्गेटच पुरं होईना.” सगळे हसले, पण प्रश्न डोक्यात घेऊनच मशिनींवर गेले. त्या दिवशी प्रत्येक जण प्रेसखाली हात घालायच्या आधी तीन-तीनदा वर बघायला लागला. माल निम्मा निघाला. मॅनेजरने साडूंना गेटपर्यंत स्वतः सोडलं. साडू मात्र खूश! “अहो, नुसतं विचारल्यानेही भीती वाढते! केवढा मोठा निष्कर्ष!”

त्यांची जुनी स्कूटर हाही एक प्रयोगच. गॅरेजवाले उस्मानभाई ब्रेक दाबून बघत त्यांना म्हणाले, “सर, माझा आकडा राहू द्या. या ब्रेकवर तुम्ही चाकण रोडला जाता, तुमचा पाच पाहिजे.”

“माझा एक,” साडू छाती पुढे काढून म्हणाले. “ज्याचा अभ्यास केला, त्याची भीती उरत नाही.”

घोळ नेमका त्या छातीतच होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बायपास करा, टाळू नका. साडू टाळत होते. आधी परीक्षा होत्या, मग पेपर तपासणी, मग ‘कुरुळीचे नमुने राहिलेत’. ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, समजावलं, अबोला धरला, शेवटी त्या रडल्या. साडू म्हणाले, “अगं, भीती वाटत असती तर केलं असतं ऑपरेशन. वाटतच नाही, तर काय करू?” या युक्तिवादापुढे ताईंचं काही चालेना.

नमुन्यांसाठी साडूंनी हक्काची जागा शोधली होती : दशक्रिया. आमच्याकडे दहाव्याला घाटावर माईक असतो, श्रद्धांजलीची भाषणं असतात. मागे बसून माणसं निरखणाऱ्या साडूंना एकदा कुणीतरी ‘प्राध्यापकसाहेब’ म्हणून पुढे ओढलं आणि ते असे बोलले, की त्यानंतर त्यांच्याशिवाय पंचक्रोशीतल्या कुणाचा दहावा शोभेना. नाक्यावरच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर, खालच्या शोकाकुल मंडळींच्या रांगेत, त्यांचाही फोटो झळकायला लागला.

कुरुळीचे एक अप्पा गेले, त्यांच्या दहाव्याला जाताना त्या स्कूटरवर मागे मी होतो. नाक्याजवळ साडूंनी ब्रेक दाबला आणि काय आश्चर्य, तो लागला! समोर भला मोठा फ्लेक्स. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मधोमध, फुलांच्या महिरपीत, आमचे साडू. घरच्यांनी अप्पांचा फोटो दिला होता लग्नातला, फेटा बांधून खदखदा हसणारा. साडूंचा होता कॉलेजच्या ओळखपत्रावरचा. छापणाऱ्याने दोन्ही चेहरे बघितले आणि यातला मेलेला कोण ते आपल्या बुद्धीने ठरवलं. अप्पा खाली शोकाकुल मंडळींत हसत होते.

मला हसू आवरेना. साडू मात्र रस्त्याच्या मधोमध पुतळ्यासारखे उभे. मागे कंटेनरचे हॉर्न. एक मोटारसायकलवाला ओरडून गेला, “ओ काका, मरायचंय का?”

साडू हळूच म्हणाले, “साडूभाऊ... पाच.”

घाटावर अप्पांचा मुलगा ओशाळून हात जोडत होता. “सर, माफ करा. आमी बघितलंच न्हाई, तसंच लावलं.” साडूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, माईक मात्र घेतला नाही. परतताना त्यांनी तो फ्लेक्स मागून घेतला, आणि घरी पोचल्यावर चप्पल काढायच्या आधी ताईंना म्हणाले, “डॉक्टरांना फोन लाव.”

ऑपरेशनच्या सकाळी ते खाटेवर हिरव्या कपड्यांत बसले होते आणि ताई त्यांचा हात धरून. आयुष्यभराचा सूड घ्यायला इतकी सुरेख संधी पुन्हा कुठली? मी विचारलं, “काय साडूभाऊ, एक ते पाच?”

मला वाटलं, चिडतील. त्यांनी खरोखरच विचार केला. “ही इथे बसलीय तोवर तीन,” ते म्हणाले. “उठून गेली की पाच.” ताई चहाला निघाल्या होत्या, त्या परत बसल्या.

साडू आता बरे आहेत. प्रश्न अजून विचारतात, पण त्याआधी ‘घरी कोण कोण असतं?’ एवढं विचारून घेतात आणि बऱ्याचदा तिथेच गप्पा मारत राहतात. स्कूटर चालवायला ताईंनी बंदी घातलीय. ती पार्किंगमध्ये उभी असते, त्याच फ्लेक्सखाली. परवा गेलो तर साडू तो तिच्यावर नीट घालत होते. स्वतःचा चेहरा घडी घालून आत घेतला, अप्पा वर राहतील असं बघितलं आणि कडेला दोरी बांधली.

“अप्पांना कशाला उन्हात ठेवताय?” मी म्हटलं.

“राहू दे वर,” साडू म्हणाले. “जाता-येता हसताना दिसतात.”

मग आम्ही वर निघालो. जिन्यात त्यांना दम लागला तेव्हा मीही, उगाच, बुटाची नाडी बांधायला थांबलो.