डोकं नसलेला सहा

मी कणीक भिजवत होते, तेव्हा यांनी आतून हाक मारली, “अवं, पाहाले ये! सहा आला.”

सात पट्ट्या पेटवून आकडे दाखवणारं सर्किट त्यांनी स्वतः जुळवलं होतं. मी म्हटलं, “याले त डोकंच नाई जी.”

“तुह्यावर गेला,” म्हणून हसले.

मैत्रिणींनो, ते गेल्यावर मला वाटलं, सहाची वरची पट्टी पेटवायची त्यांच्याकडून राहूनच गेली. ती चूक सुधारायला गेल्या आठवड्यात मी त्यांनी सोल्डर केलेल्या तारा काढल्या. आता एकही आकडा पेटत नाही.

काल वाचनालयाच्या पुस्तकात वाचलं, त्या सर्किटमधल्या चिपचं लॉजिकच तसं आहे. तिचा सहा वरच्या पट्टीशिवायच येतो. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या हातचं ते सर्किट तेवढंच उरलं होतं.

आज सकाळी मी ते पुस्तक परत केलं.