रेशीम हाय, मटण न्हवं

वडगावात आमच्या मागावर रेशीम उकळायला शिकवायला शहरातला एक साहेब एकदाच आलता. नाव सांगितलं होतं त्यानं, ते मी विसरलो. नावं मात्र अजून ठेवतो.

दर वाक्याला टाय चाचपायचा. म्हणाला, रेशीम म्हणजे प्रथिन. वर डिंक, आत लांब साखळ्यांचा धागा. डिंक विरघळवायचा, साखळ्या तोडायच्या नाहीत. बोलणं लई झकास! आणि मग पातेल्यात मुठीमुठीनं धुण्याचा सोडा टाकला.

आमची आक्का जन्मभर साबणाच्या पाण्यात लडी उकळत आली. पिळल्यावर लडी चुरचुर वाजली की डिंक गेला म्हणून ती बाहेर काढते. ती म्हणाली, "अण्णा, रेशीम हाय ते, मटण न्हवं. काढा आता."

पातेल्याकडं न बघताच तो हसला. "आक्का, हे विज्ञान आहे. अजून शुभ्र होईल."

शुभ्र झालं. पण पिळलं तर वाजेना, आणि ओढलं की पटापट तुटायला लागलं. आक्कानं नातीच्या लग्नाच्या साडीसाठी राखलेलं रेशीम होतं ते.

"तुमचं रेशीमच हलकं," तो टाय चाचपत म्हणाला.

त्यालाच एकदा उकळून बघायला पायजे होतं. सगळा डिंकच निघाला असता. आत धागा न्हवताच.