भंडारा आधी कुणी उचलायचा

उंब्रजला हायवेच्या कडेला आमचा गाड्यांचा स्टँड आहे. गिऱ्हाईक नसलं की आम्ही ड्रायव्हर लोक चहाच्या टपरीपाशी बसतो. एकाने किस्सा काढला की दुसऱ्याला त्याहून वरचढ आठवतो, आणि चहा गार होतो. लग्नाच्या वऱ्हाडाचे किस्से खूप आहेत, पण सगळ्यांत जास्त साठलेत ते देवदर्शनाचे. कारण आमच्या भागात देवदर्शनाला गाडी दोनच वेळा लागते. एक, घरात काही चांगलंवाईट झालं की. दुसरं, इलेक्शन आलं की.

हे दुसरं देवदर्शन बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. ग्रामपंचायतीत सदस्यांनी सरपंच निवडायचा असला, की सदस्य फुटू नयेत म्हणून पॅनेलप्रमुख त्यांना गाडीत घालतो आणि निवडीच्या दिवसापर्यंत गावोगावचे देव दाखवत फिरवतो. गाडी सुटली की सगळ्यांचे फोन बाजाराच्या एका पिशवीत जमा. पिशवी ड्रायव्हरच्या सीटशेजारी. मग एखाद्या कडक देवापुढं ताटात भंडारा, म्हणजे देवाची हळद, घ्यायची आणि एकेकाला ती उचलून बोलायला लावायचं, "मी फुटणार नाही." आमच्याकडं माणूस स्वतःची सही नाकारेल, पण उचललेला भंडारा नाकारत नाही.

माझी हिराकाकी आमच्या वाडीतून अशीच सदस्य झाली. बायकांची राखीव जागा, पॅनेल गावच्या पुढाऱ्याचं, अण्णांचं. काकीला राजकारणातून एकच गोष्ट हवी होती. वाडीच्या स्मशानात पत्र्याची शेड. काका गेले तेव्हा पावसानं उसंतच दिली नाही. माझ्या गाडीच्या टपावरची ताडपत्री चौघांनी चार कोपऱ्यांना धरून सरणावर ताणली होती. जाळ वाढला की वर उचलायची, पाऊस आत आला की खाली घ्यायची. बायकांना यातलं काही सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. पण भोकं पडलेली ताडपत्री दुसऱ्या दिवशी काकीनंच धुतली.

काकी सदस्य व्हायच्या आधीपासून शेडचं काढलं की अण्णा म्हणायचे, "आदी देवळाची कमान हुंदे, वैनी. देवाचं काम आदी." तेव्हापासून मी कुठल्याही ट्रिपवरून आलो की काकी प्रसाद हातात घेता घेता विचारते, "देवाला कायकाय मागितलं रं त्यांनी?" मग मी तिला सांगतो.

* * *

माझी तसली पहिलीच ट्रिप. गाव दुसरं होतं. पॅनेलप्रमुख इतका गुप्त कारभार करणारा, की कुठं जायचं ते त्यानं मला टोलनाका ओलांडल्यावर कानात सांगितलं. पोचलो. देवळात मोठी रांग. आमची माणसं रांगेत उभी राहिली आणि पुढं बघतात तर काय, त्यांच्याच गावचं विरोधी पॅनेल आख्खं उभं! तेही लपवूनच आणलेलं.

दोन्ही प्रमुखांनी एकमेकांना पाहिलंच नाही असं दाखवून देवळाचं नक्षीकाम बघायला सुरुवात केली. सदस्य मात्र एकमेकांचे भाऊबंद, साडू. त्यांनी तिथंच जनावरांच्या आणि उसाच्या गोष्टी काढल्या. आता मारामारी झाली तर गाडी कशी काढायची, हाच विचार माझ्या डोक्यात.

पुजाऱ्यानं विचारलं, "गाव एकच ना? मग संकल्प एकातच सोडू. मागणं काय?"

दोघंही प्रमुख एकदम म्हणाले, "आमचा सरपंच हुंदे."

"होईल," पुजारी म्हणाला आणि त्यानं पळीभर पाणी सोडलं.

* * *

हा किस्सा सदाचा. सदा माझा जोडीदार, त्याची कार आहे. सांगलीत विश्रामबागेतल्या एका प्राध्यापकांनी त्याला उमेदवारी अर्ज भरायच्या दिवशी बोलावलं. शेवटचा दिवस, तीनच्या आत अर्ज आत गेला पाहिजे. प्राध्यापकांनी आयुष्यभर पोरांना फिजिक्स शिकवलेलं. सदा म्हणाला, चला, शिकलेला माणूस हाय, आज तरी वेळेत काम हुईल.

ऑफिस घराच्या दक्षिणेला. आणि ज्योतिषानं सांगितलेलं, आज दक्षिणेला पाऊल टाकायचं नाही. मग गाडी आधी उत्तरेला, तिथून पूर्वेला, असा सांगलीला वळसा घालून ऑफिसपाशी आली. वेळ होती अजून. पण मुहूर्त व्हायचा होता! प्राध्यापक गाडीत डोळे मिटून बसले. सदा घड्याळाकडं बघून नुसता तळमळतोय. एकदाचा मुहूर्त लागला, साहेब उजवा पाय आधी टाकून उतरले आणि गेले, तर दार बंद.

सदाला वाटलं माणूस आता कोसळतोय. प्राध्यापकांनी बंद दारापुढं शांतपणे नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा सदाच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "सदाशिव, पत्रिकेत यंदा पडायचा योग होता. टळला बघ."

* * *

इस्लामपूरकडच्या एका गावात एक पुढारी निवडणुकीत पडला. निवडणुकीआधी त्यानं गावच्या देवळाला मोठी पितळी घंटा दिली होती, कडेनं स्वतःचं नाव कोरून. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यानं मला भाड्याचा पिकअप घेऊन बोलावलं. मला वाटलं, शेतातलं काही सामान असेल. तर हा देवळात शिरला आणि म्हणाला, "घंटा सोडा."

देवळात चोरी झालेली मी ऐकली होती, पण दिलेलं दान दिवसाढवळ्या परत न्यायला आलेला माणूस पहिल्यांदाच बघत होतो. मी हळूच म्हणालो, "आवं, देवाला दिलंय ते."

"देवावर माझा राग न्हाई," तो म्हणाला. "गावावर हाय. ही वाजवतं कोण? गावच ना?"

गुरव वयस्कर माणूस. त्यानं वादच घातला नाही. स्टूल आणलं, स्वतःच्या हातानं घंटा उतरवली, पोत्यात गुंडाळून दिली. मी छताकडं बोट दाखवलं, "आणि तो हूक?"

"ऱ्हाऊ दे. पुढच्या इलेक्शनला लागंल."

पुढच्या इलेक्शनला तीच घंटा मीच परत पोचवली. हुकाला गुरवानं तेल घालून ठेवलं होतं.

* * *

रजाकभाई आमच्या स्टँडवरचे सगळ्यांत जुने. त्यांची सतरा सीटरची गाडी. एकदा गावातल्या मंडळाचा अध्यक्ष पिंट्या देवीच्या ट्रिपसाठी गाडी ठरवायला आला. सगळं ठरल्यावर म्हणाला, "गाडी हीच पायजे, एसी चांगला हाय. ड्रायव्हर तेवढा दुसरा द्या. पोरं ऐकत न्हाईत."

रजाकभाईंच्या समोर म्हणाला तो हे. लहानपणी याच गाडीच्या टपावर बसून हा जत्रेला गेलेला! मला इतका संताप आला की हातातला ग्लास मी टपरीवर आपटला. रजाकभाईंनी नुसती किल्ली काढली आणि सदाच्या हातात दिली.

पंधरवड्यानं पिंट्या परत हजर. ह्या वेळी आवाज एकदम मऊ. "रजाकभाई, आईचा नवस हाय. मिरजेच्या दर्ग्याला जायचंय. ड्रायव्हर तुमीच पायजे. तितं लय गर्दी असती म्हणं. तुमच्या वळखीनं जरा पुढनं आत सोडत्याल."

आम्ही सगळे रजाकभाईंच्या तोंडाकडं बघत राहिलो. ते म्हणाले, "नेतो की. पण गड्या, तितं मलाबी लायनीतच उभं करत्यात."

हे ऐकून काकीनं विचारलं, "आणि नेलं का त्यांनी?" नेलं होतं. पिंट्याच्या आईला हाताला धरून आत नेलं होतं.

* * *

आटपाडीकडचे मायाप्पातात्या. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेलं घर, आता डाळिंबाची बाग. दूध संस्थेच्या चेअरमनची निवड होती आणि तात्या डायरेक्टर. एका पार्टीनं त्यांना सकाळी गाठून भंडारा उचलायला लावला, दुसरीनं दुपारी. तात्यांनी दोन्हीकडं उचलला. मोठ्या माणसांच्या तावडीतून सुटायचं म्हटल्यावर करणार काय!

गुप्त मतदान. तात्या आत गेले, बाहेर आले, माझ्या गाडीत बसले. एक मत बाद निघालं, आणि तेवढ्यानं सगळं फिसकटलं. सकाळच्या पार्टीचा पुढारी खिडकीत डोकं घालून ओरडला, "तात्या, मत कुणाला दिलं?"

"दोगांस्नीबी. दोनी नावावर शिक्का मारला."

"आवं मग मत बाद झालं की!"

"मत झालं तर झालं," तात्या म्हणाले. "मी न्हाई बाद झालो."

हा किस्सा काकीनं माझ्याकडून दोनदा सांगून घेतला. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

* * *

आता आमच्या गावची ट्रिप. सरपंचाची निवड उद्यावर आलेली. काकी सोडली तर दोन्हीकडं सारखी माणसं, म्हणजे जिकडं काकी तिकडं सरपंच. अण्णांना ती खुर्ची हवी होती. त्यांनी गाडी माझीच ठरवली, म्हणजे काकी निर्धास्त राहील. तरी फोन घेतलेच. काकीनं तिचा साधा बटणांचा फोन पिशवीत टाकताना माझ्याकडं बघितलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळीच आम्ही डोंगरावरच्या खंडोबाला पोचलो. अण्णा खरे देवभोळे, ते ढोंग नव्हे. रविवार कडक पाळतात, पायऱ्या अनवाणी चढतात. त्यांनी गाभाऱ्यापुढं ताट ठेवलं, भंडाऱ्यानं भरलेलं. एकेक सदस्य पुढं आला, मूठ भरून उचलली, बोलला, मागं सरला. मी खांबापाशी उभा होतो. शेवटी काकी.

काकी ताटापुढं बसली. हात जोडले. पण मूठ भरली नाही.

"मी उचलते, अण्णा. आदी तुमी उचला."

"मी? मी कशाला, वैनी? मी काय माझ्यातनंच फुटतोय व्हय?" अण्णा हसले. सगळे हसले.

"शेड बांधून देतो म्हणून उचला. कमानीच्या आदी."

हसणं थांबलं. अण्णा म्हणाले, "आवं, माझा शब्द हाय की तुमाला."

"मग माझाबी शब्दच घ्या. भंडारा कशाला मागताय?"

अण्णांनी देवाकडं बघितलं, मग ताटाकडं. हात पुढं केला. भंडाऱ्यापर्यंत बोटं गेली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि तिथंच थांबली. कपाळावरून घामाचा एक ओघळ मिशीत उतरला. ज्या माणसानं सगळ्या पॅनेलला मूठ भरायला लावली, त्याला चिमूट उचलता येईना.

अण्णांनी हात मागं घेतला. बोटांना काहीच लागलं नव्हतं, तरी धोतराला पुसला.

काकीनं चिमूटभर भंडारा घेतला, स्वतःच्या कपाळाला लावला, मग पुढं वाकून अण्णांच्या कपाळालाही लावला. "लावून घ्या. लावायला काय शपत लागत न्हाई," म्हणाली, आणि पदर सावरून पायऱ्या उतरायला लागली. मी तिच्या मागं धावलो.

गाडीपाशी येऊन तिनं पुढचं दार उघडलं, पिशवीत हात घालून आपला फोन काढला आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसली.

"काकी, अण्णा यायचेत अजून," मी म्हणालो.

"येत्याल की. देवाशी बोलत असत्याल."

थोड्या वेळानं एक सदस्य खाली आला. माझ्याकडं न बघता त्यानं खिडकीतून हात घातला आणि पिशवीतून स्वतःचा फोन घेतला. मग दुसरा आला. मग तिसरा. बघता बघता पिशवी रिकामी झाली. अण्णा तेवढे वर राहिले होते, आणि त्यांना बोलवायला कुणी गेलं नाही.