नायमेखनची लिफ्ट

कोविडच्या हिवाळ्यात मी नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावाबाहेर ‘नायमेखन’ लिहिलेला पुठ्ठा धरून उभा होतो. ट्रेन रद्द झाली होती आणि नायमेखनच्या हॉस्पिटलात बायकोला भेटायला चार ते पाच एवढीच वेळ होती. काहीही झालं तरी जायचंच होतं.

एक कोरियन इंजिनियर थांबला. त्याचं घर न्यूनेनलाच होतं, तरी "बसा" म्हणाला. चारही काचा उघडून, उजव्या हाताला डाव्याचा आधार देत, प्रसाद द्यावा तसा त्यानं मास्क पुढे केला.

वाटेत तो एवढंच बोलला, "आई गेली तेव्हा मी सोल शहरात क्वारंटाइनमध्ये होतो. घर वीस मिनिटांवर होतं."

पाचला वीस मिनिटं असताना हॉस्पिटल आलं. मी आभार मानू लागलो. तो घड्याळाकडेच बघत होता.

"या वेळी पोचलो," तो म्हणाला.