विहिरीवरचा तवंग आणि नाक्यावरचा फ्लेक्स

सत्या काल गेला, आणि ज्यांनी त्याला खोटं पाडलं त्यांनीच आज नाक्यावर त्याचा फ्लेक्स लावला.

फुलांची बॉर्डर, हात जोडलेले बिल्डरचे साहेब, खाली ठळक अक्षरात 'आमचे मार्गदर्शक'.

मार्गदर्शक म्हणे! याच लोकांनी त्याला चाळभर ब्लॅकमेलर म्हणून बदनाम केलं होतं. लाज कशी वाटत नाही?

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सत्या म्हणजे सतीश, माझ्या शेजारच्या खोलीतला. काळाचौकीची आमची चाळ, पाठीमागे गिरणीची भिंत. शिकून जिओलॉजिस्ट झाला. इमारत बांधायच्या आधी जमीन तपासणाऱ्या एका कंपनीत होता.

(हार्ट अटॅक होता. बाकी कशाशी संबंध जोडू नका. पुराव्याशिवाय बोललेलं त्याला आवडायचं नाही.)

आता विहिरीबद्दल.

गिरण्यांच्या संपात आमचे बाप घरी बसले. बसून बसून डोकी फिरायला लागली, तेव्हा सगळ्यांनी मिळून चाळीची बुजत आलेली विहीर उपसायला घेतली. सत्याचे वडील, अण्णा, सगळ्यांत आधी खाली उतरले.

गावात ज्या माणसाला विहिरीच्या जवळ फिरकू दिलं नव्हतं, तो इथे तळाशी उभा राहून गाळ काढत होता. पाणी लागलं तसे वरून सगळे ओरडले, "अण्णा, पयली ओंजळ तुमची!"

संप काही मिटला नाही. गिरणी गेली, विहीर तेवढी राहिली. नळाला पाणी नसलं की प्यायलाही तेच.

काही वर्षांनी पाण्यावर तवंग यायला लागला. रंगीत, रॉकेलसारख्या वासाचा.

आणि आम्ही चक्क खूश!

कारण पूर्वी म्युनिसिपालिटीचा मलेरियावाला विहिरीत डासांसाठी तेल टाकून जायचा. तवंग दिसला की माझी आई म्हणायची, "औषध टाकून गेले वाटतं. चला, यंदा ताप नाही."

बादलीने तवंग बाजूला सारायचा आणि पाणी भरायचं. सगळी चाळ हेच करायची.

एका रविवारी सत्या कठड्यावर बसून बराच वेळ पाण्याकडे बघत होता. मला म्हणाला, "मलेरियावाला शेवटचा कधी आलेला गं?"

मला आठवेना. कोणालाच आठवेना.

"मग रोज तेल कोण टाकतंय?"

भिंतीपलीकडे गिरणीच्या ट्रकचं यार्ड होतं. तिथे जमिनीखाली डिझेलची टाकी. गिरणी बंद पडल्यावर भंगारवाल्यांनी माग नेले, पत्रे नेले, खिळे सोडले नाहीत. टाकी मात्र होती तशी, डिझेलसकट, मातीत राहिली. ती गंजली, झिरपली, आणि तेल उतार धरून आमच्या विहिरीत आलं.

सत्याने घरोघरी जाऊन सांगितलं, हे पाणी पिऊ नका.

अण्णा भडकले. "बाटलं हा शब्द लोक आमच्यासाठी वापरायचे. आता तू माझ्या पाण्यासाठी वापरतोयस?"

"अण्णा, बाटलं नाय. बिघडवलंय. कोणीतरी बिघडवलंय."

बापलेकांचं बोलणं बंद झालं. एका खोलीत, बारा बाय दहाच्या, न बोलता राहून बघा एकदा.

मग गिरणीची जागा टॉवरसाठी विकली गेली आणि जमीन तपासायचं काम नेमकं सत्याच्या कंपनीकडे आलं. भिंतीजवळ त्याने बोअर घेतला. माती काळी आली, डिझेलच्या वासाची. त्याने रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं.

बॉस म्हणाला, तेवढा बोअर गाळ. सत्याने गाळला नाही. नोकरी गेली.

मग बिल्डरच्या साहेबांनी आमच्या अंगणात मीटिंग घेतली. खुर्च्या, कोल्ड्रिंक, सगळा थाट. सत्या बोलायला उठला तर साहेब हसत माझ्या आईकडे वळले. "अहो काकी, ते डासांचं औषध ना? तुम्हीच म्हणता ना सगळे?"

आईने मान हलवली. काय करणार बिचारी? तेच तर म्हणत आली होती. तिच्या भाबडेपणाचं वाक्य उचलून या माणसाने स्वतःची टाकी झाकली.

अण्णा मागे बसून हे सगळं ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाहिलं, अण्णा विहिरीवर उभे. त्यांनी स्वतःच्या हाताने दोर सोडला, कप्पी उतरवली आणि घरात नेऊन ठेवली. सत्या दारात होता. अण्णा म्हणाले, "चहा घेतलास?"

त्या दोघांची दिलजमाई ती एवढीच.

पुढे विहिरीत डेब्रिज टाकून वर पेव्हर ब्लॉक बसवले. टाकी काढली की तिथेच गाडली, कोणी सांगितलं नाही. माती तर जागची हललीच नाही. आज तिच्यावर गार्डन आहे, हिरवंगार लॉन आहे. सत्या शेवटपर्यंत एकच मागत होता: उकरा, तपासा, साफ करा. याला ब्लॅकमेल म्हणतात?

आज अंत्ययात्रा नाक्यावर आली तेव्हा अण्णांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. वय झालंय, नीट दिसत नाही. मला विचारलं, "काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं.

"काढ तो."

कोणीतरी म्हणालं, अण्णा, आजच्या दिवशी राहू दे.

"ज्यांनी त्या तेलाला औषध म्हटलं, त्यांनी माझ्या पोराला मार्गदर्शक म्हणायचं नाय. काढ."

मी आणि आईने दोऱ्या सोडल्या. आई पंच्याहत्तरीची. गाठ सुटेना तेव्हा तिने दातांनी सोडवली.

साहेब, फ्लेक्स गुंडाळून तुमच्या ऑफिसच्या दारात ठेवलाय. श्रद्धांजली वाहायचीच असेल तर तुमचं लॉन उकरा.

सत्या, तू खरं बोललास. आज अख्ख्या चाळीने ते तुझ्यामागून चालत मोठ्याने म्हटलं. तुला ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं रे.

आमच्या सगळ्यांचा तुला शेवटचा जय भीम.