दसऱ्याच्या आधीची कात्री

"बावीस वर्षांत एक फूल नाही?" रेगे साहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"निदान कळी?"

"नाही साहेब."

"मग ही इथं करते काय?"

आम्ही ग्वाल्हेरच्या जुन्या संस्थानी बागेत लोखंडी कमानींच्या मंडपाखाली उभे होतो. मंडप पंचवीसेक पावलं लांब. त्यावर चढवलेली एकच वेल. खोड माझ्या मांडीएवढं, पानं गडद हिरवी, तीन-तीनच्या जोडणीची. रेगे साहेब इंदूरचे. संस्थानं विलीन होऊन मध्य भारत राज्य झाल्यावर दोन्हीकडची बाग खाती एकत्र झाली आणि ते आमचे वरिष्ठ झाले. माणूस सरळ होता, पण त्यांना एका हिवाळ्यात सगळ्या बागांच्या याद्या पुऱ्या करायच्या होत्या. काय ठेवायचं, काय काढायचं, कोणाला ठेवायचं.

मी बागेचा ओव्हरसियर. पुण्याच्या शेतकी कॉलेजातून शिकून आलेलो, नोकरीला तीन वर्षं झालेली. मी साहेबांना वेलीची कुळकथा सांगितली. नाव कामोएन्सिया. मूळची पश्चिम आफ्रिकेच्या जंगलातली. कलकत्त्याहून काचेच्या पेटीत आली. शेंगवर्गीय, म्हणजे आपल्या वालाची, चवळीची लांबची नातलग. पुस्तकात लिहिलंय की फूल वीतभर लांब, पांढरं, सोनेरी कडांचं असतं.

"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," साहेब म्हणाले. "ही काढा. इथं भाजीच्या रोपांचे वाफे करू. सध्या लोकांना भाजी हवी आहे."

साहेबांच्या हातात नोकरांची यादी होती. तिच्यात एक ओळ होती : 'माळी, आफ्रिकी वेल – भागोजी जाधव.' वेल आली तेव्हा युरोपियन सुपरिंटेंडेंटने तिच्यासाठी माळ्याची खास जागा मंजूर करून घेतली होती. वेल गेली की ती ओळ जाणार आणि ओळीबरोबर भागोजीकाका जाणार. त्यांच्या पेन्शनला तीन वर्षं बाकी होती. ते चार पावलांवर हात बांधून उभे होते आणि सगळं ऐकत होते.

मी घाईघाईने बोलून गेलो, "साहेब, हिची नवी रोपं करून देतो. जिल्ह्यांच्या मोठ्या बागांना एकेक. अशी वेल आपल्या मुलखात दुसरीकडे कुठंच नाही."

"किती?"

"पाच."

"हिवाळ्यात आम्ही परत येऊ तेव्हा दाखवा. पाच असतील तर वेल राहील, माळीही राहील. नसतील तर दोन्ही नाही."

तेव्हा राजधानी वर्षातले काही महिने ग्वाल्हेरला आणि काही महिने इंदूरला असे. होळी झाली की फायली पेट्यांत भरून इंदूरला जात आणि थंडी पडली की परत येत. म्हणजे माझ्या हातात सात-आठ महिने होते.

झाड वाढवायचे मार्ग तीन. पहिला बियांचा. फूलच नाही तर शेंग कुठून येणार? दुसरा छाट कलमाचा : फांदीचा तुकडा कापायचा, ओल्या वाळूत खोचायचा, मुळं फुटायची वाट बघायची. मी चाळीस तुकडे लावले. ग्वाल्हेरचा उन्हाळा ठाऊक असलेल्याला पुढचं सांगायला नको. पोत्यांचा आडोसा केला, दिवसातून चार वेळा पाणी शिंपडलं. वैशाख संपेपर्यंत चाळीसच्या चाळीस काळे पडले. काकांनी ते एकेक उपटून टोपलीत टाकले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

राहिला तिसरा मार्ग, गुटी कलमाचा. यात फांदी झाडावरच ठेवायची. तिच्या सालीचं बोटभर रुंद कडं सोलायचं, तिथं ओलं शेवाळ बांधायचं, वरून गोणपाट. आईचं दूध चालू असताना बाळाला घास भरवावा तसा हा प्रकार. दीड-दोन महिन्यांत शेवाळात मुळं दिसली की खालून कापून कुंडीत लावायची. यासाठी फांदी मागच्या वर्षीची हवी, पेन्सिलीएवढी जाड आणि थोडी टणक झालेली. फार कोवळी असली तर ती शेवाळात सडते.

पाऊस सुरू झाला तसा मी शिडी लावून मंडपावर चढलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधलं. खाली जुनी, गाठाळलेली खोडं. वर यंदाचे हिरवे, लुसलुशीत फुटवे. मधलं काहीच नाही. पेन्सिलीएवढी एक फांदी मिळेना.

"काका, मागच्या सालच्या फांद्या कुठं आहेत?"

"त्या कुठून असणार? काटून टाकतो ना आपण."

"कधी?"

"दसऱ्याच्या आधी. हर साल." माझ्या अज्ञानाचं त्यांना नवल वाटलं. "महाराजांची सवारी याच मंडपातून जायची ना साहेब. एकदम साफ पाहिजे."

मी शिडीवरून उतरलो. काका खोडाशी उकिडवे बसले आणि त्यांनी मला जे सांगितलं ते बागेच्या कुठल्याही रजिस्टरात नव्हतं.

वेल मंडपावर चढली त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. दसऱ्याची सवारी बागेतून चालली होती. मागून मानकरी येत होते. एक फुटवा खाली लोंबत होता. त्यात एका बुजुर्ग सरदारांच्या पगडीचं टोक अडकलं आणि भर रस्त्यात पगडी जमिनीवर पडली. दसऱ्याच्या दिवशी, चारचौघांत. कोणी हसलं नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. काका तेव्हा ऐन तिशीतले. आठ दिवस निलंबित राहिले. घरी आई रोज विचारायची, आता काय होणार. परत कामावर आले ते मनाशी शपथ घेऊनच. तेव्हापासून दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस मंडपाची अशी हजामत व्हायची की त्याखालून हत्तीवर बसूनही जाता यावं.

दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. काका वीस वर्षं फुंकत होते.

मला दोन गोष्टी कळल्या. एक, यंदा गुटी जमणार नाही. तरी सहा बांधून पाहिल्या, सहाही सडल्या. दुसरी केवळ शंका होती. वाल असो की चवळी, फूल येतं ते फांदीच्या टोकाकडे, आणि या वेलीची टोकंच कधी पावसाळ्यापुढे जगली नव्हती.

आणि एक तिसरी गोष्ट, जी मी त्या दिवशी कोणालाच सांगितली नाही. कात्र्या इंदरगंजात धार लावायला पाठवायची चिठ्ठी दर भादव्यात निघायची. गेली तीन वर्षं तिच्यावर सही माझी होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी पुस्तकं उघडून घेत होतो. मला माझी लाज वाटली.

भादवा उजाडला. काकांनी कात्र्या काढल्या.

"काका, यंदा कापायचं नाही."

"हुकूम?"

"मी सांगतोय ना."

"तुमचं बरोबर आहे साहेब. पण हुकूम वरून पाहिजे."

"वर आता आहे कोण?"

"तेच तर मी विचारतोय."

"सवारी आता इथं येत नाही, काका. बाग आता सरकारकडे गेली."

"येणार नाही असं लिहून आलंय का?"

नव्हतं आलं. सवारी येणार असं कोणी लिहीत नसे, आणि येणार नाही असंही कोणी लिहिलं नव्हतं. मी इंदूरला पत्र पाठवलं. उत्तर आलं की संबंधित फाइल पेटीत आहे, ग्वाल्हेरला आल्यावर पाहू. मला राग आला. काकांचा आला, इंदूरचा आला आणि त्या पगडीचाही आला. माझ्या डोळ्यांपुढे हा माणूस आपली नोकरी स्वतःच्या हातांनी कापायला निघाला होता, आणि तीही अगदी नियमाने.

मग मी जे केलं ते करू नये. टेबलाच्या खणात ग्वाल्हेर संस्थानचा जुना गोल शिक्का पडून होता. तो केव्हाच जमा करायला हवा होता. मी कागदावर लिहिलं : 'आफ्रिकी वेलीची छाटणी पुढील हुकूम होईपर्यंत करू नये.' खाली सही केली आणि तो शिक्का मारला. नाहीशा झालेल्या राज्याचा शिक्का वापरणं हा साधासुधा गुन्हा नव्हे. नोकरी काकांचीच नव्हे, माझीही गेली असती.

काकांना वाचता येत नव्हतं. त्यांनी शिक्का निरखून पाहिला, कागदाची घडी घालून पागोट्यात खोचली आणि कात्र्या कोठीत ठेवून आले.

दसरा झाला. मंडपाचं जंगल झालं. फुटवे चारी बाजूंनी गुडघ्यापर्यंत लोंबू लागले. काका त्या रस्त्याने जाणं टाळू लागले. त्यांना ते बघवत नव्हतं.

आठएक दिवसांनी सकाळी ते खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या आमच्या घरी आले. याआधी कधी आले नव्हते. आई चहा घ्या म्हणाली तर उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"साहेब, चला."

"काय झालं?"

"चला फक्त."

मी सायकल हातात धरून त्यांच्याबरोबर चालत गेलो. मंडपाशी आल्यावर त्यांनी एका लोंबत्या फांदीचं टोक तळहातावर घेतलं. शेंगदाण्याएवढ्या, तपकिरी, मखमली लवेच्या कळ्या होत्या. मोजून नऊ. शेजारच्या फांदीवर आणखी.

"ह्याच जागेवर मी काटायचो," काका म्हणाले. "बिलकुल ह्याच. वीस साल." मग ते ओट्यावर बसले आणि पागोट्याच्या पदराने डोळे पुसू लागले. मीही शेजारी बसलो. माझ्या सह्यांबद्दल तेव्हा सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही तर तीनच केल्यात."

दिवाळीनंतर आठवड्याने रेगे साहेब आले. रोपं पाच तर सोडाच, एकही नव्हतं. मी ते ऑफिसातच सांगून टाकलं आणि एकदा मंडपापर्यंत चला म्हणून विनंती केली. दुरूनच ते थबकले.

"हे काय माजवलंय? छाटणी का नाही केली?"

माझ्या आधी काका पुढे झाले. त्यांनी मोठ्या अभिमानाने पागोट्यातून कागद काढून दिला.

साहेबांनी कागद वाचला. मग शिक्का पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे राज्य आता नाही."

"हो साहेब."

"मग हा हुकूम कोणाचा?"

"माझा."

"अस्सं." त्यांनी कागद खिशात घातला. "शिक्का आज संध्याकाळपर्यंत जमा झाला पाहिजे. आता काय दाखवणार होता ते दाखवा."

ते पुढे चालू लागले. डोक्यावर सोला हॅट. मंडपाच्या तोंडाशी फुलांचे घोस बरोबर त्या हॅटच्या उंचीला लोंबत होते. पांढरी शुभ्र, चुरगळलेल्या मलमलीसारखी फुलं, कडांना जरीची बारीक रेघ. वास असा की बोलणं थांबावं. काकांचा हात सवयीने वर गेला, फांदी बाजूला सारायला. मध्येच त्यांनी तो खाली घेतला.

"साहेब," ते म्हणाले, "जरा वाकून या."

रेगे साहेबांनी हॅट काढून हातात घेतली आणि ते वाकले. पंचवीस पावलं वाकूनच गेले. पलीकडे निघाल्यावर त्यांनी हॅट पुन्हा डोक्यावर चढवली. मग यादी मागवली आणि काकांच्या ओळीपुढे स्वतःच्या हाताने लिहिलं, 'कायम.' भाजीचे वाफे विहिरीपलीकडे झाले.

पुढच्या पावसाळ्यात फांद्या हव्या तशा टणक झाल्या होत्या. काकांनी आणि मी मिळून आठ गुट्या बांधल्या. पाचांना मुळं आली. एक रोप मुरारच्या रोपवाटिकेत गेलं, एक इंदूरला रेगे साहेबांकडे, बाकीची जिल्ह्यांना. मुदत भरली तेव्हा काका त्याच ओळीवरून पेन्शनीत निघाले.

पुढे तीस वर्षं मी बागांत काढली आणि अनेक चिठ्ठ्यांवर सह्या केल्या. पण कात्रीला धार लावायची चिठ्ठी समोर आली की मी पेन खाली ठेवत असे, आणि ती कात्री चालणार असेल त्या झाडापाशी आधी जाऊन येत असे.