एकलीच चाललीस व्हय?

पौडच्या एसटी स्टँडवर इतकी बाकं रिकामी असताना ती माझ्याच शेजारी येऊन टेकली. मेंढरं राखणारी, पन्नाशीची बाई. बोलताना हातातली काठी जमिनीवर हलकेच आपटायची. मी कुठं निघालेय ते तिनं खोदून खोदून विचारलं.

"पुढच्या आठवड्यात व्हिएतनामला. परदेशात."

"एकलीच चाललीस व्हय? भ्या वाटतंय?"

"वाटतंय."

"वाटंलच की. मी बी मेंढरं घिऊन परक्या मुलखात जाती. नव्या गावात आदी बाया कुटं बसत्यात ते बघायचं. कुणापासनं लांब ऱ्हायचं, ते त्यास्नी ठावं असतंय."

तेवढ्यात तिची गाडी आली आणि ती गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

हनोईत एक माणूस दोन गल्ल्या माझ्या मागं मागं आला. मी हॉटेलकडे वळलेच नाही. रस्त्याकडेला भाजी निवडणाऱ्या बायकांमध्ये जाऊन उभी राहिले. एकीनं त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी खणखणीत सुनावलं. तो निघून गेला. दुसरीनं माझ्यासाठी स्टूल सरकवलं.

तासभर मी त्यांच्यासोबत पालेभाजी निवडत बसले. परदेशात आल्यापासून पहिल्यांदाच मला कसलीही घाई नव्हती.